साष्टी गेली, तेव्हा अमेरिका घडत होती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या बेटावर वसली आहेत, ते साष्टी बेट इंग्रजांनी मराठ्यांकडून १७७४ मध्ये जिंकून घेतलं आणि १७८२ च्या तहानं ते कायमचं पदरात पाडून घेतलं. मधली वर्षं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची. शाळेच्या पुस्तकात ही दोन प्रकरणं वेगवेगळ्या धड्यांत येतात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

संबंध सुरू होतो तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्जापासून. १७७२ साली कंपनी पुरती अडचणीत आली. लंडनच्या गोदामांत चीनचा चहा साठून राहिलेला, बंगाल दुष्काळानं पिळून निघालेला, आणि भागधारकांना लाभांश तर हवाच. कंपनीला सावरायला पार्लमेंटनं १७७३ मध्ये दोन कायदे केले. एका कायद्यानं कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा मिळाली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनकरांनी त्या चहाच्या ३४२ पेट्या बंदरात फेकून दिल्या. दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट. त्यानं लढाई आणि तहाच्या बाबतीत मुंबईचं कौन्सिल कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आलं, आणि मुंबईच्या साहेबांना ते मुळीच रुचलं नाही.

त्यांचा डोळा साष्टीवर जुनाच होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये हे बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, पुण्यात फूट पडली, आणि मुंबईकर इंग्रजांना संधी दिसली. त्यातच पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी हूल उठली. कलकत्त्याला न विचारता मुंबईनं डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्यावर फौज धाडली.

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. मराठ्यांच्या शिबंदीनं तो निकरानं लढवला. खंदक बुजवायचा पहिला प्रयत्न अंगाशी आला आणि त्यात सुमारे शंभर गोरे शिपाई कामी आले. वेढ्याच्या सुरुवातीलाच इंग्रज आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन घायाळ झाला होता. तोफेचा गोळा त्याच्या शेजारी वाळूत आदळला, ती वाळूच त्याच्या अंगात घुसली आणि तो त्यातून उठला नाही. दुसऱ्या हल्ल्यात किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली. इकडे वर्सोव्याचा किल्ला कर्नल कीटिंगनं घेतला. वर्सोव्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडली की पलीकडे मढला तो अजून उभा आहे, हवाई दलाच्या ताब्यात. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे तो लोकांना माहीत असतो, कीटिंगमुळे नाही.

पुढचा गोंधळ थोडक्यात सांगायचा तर असा. मार्च १७७५ मध्ये मुंबईनं सुरतेला पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या रघुनाथरावांशी तह केला. कलकत्त्यानं तो धुडकावून मार्च १७७६ मध्ये पुरंदरला बारभाईंशी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध पुण्याचा कारभार हाती घेतलेल्या मंडळाशी, दुसरा केला. मग लंडनच्या संचालकांनी सुरतेचाच तह उचलून धरला. १७७७ मध्ये सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन बारभाईंतल्या नाना फडणविसांना भेटला आणि इंग्रजांच्या पोटात गोळा आला. ल्युबँच्या हाती शेवटी काहीच लागलं नाही, पण धास्ती खरी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात साराटोगाला एक अख्खी इंग्रज फौज अमेरिकनांना शरण गेली आणि १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सनं अमेरिकेशी उघड दोस्ती केली. पश्चिमेत गेलेली पत पूर्वेकडे भरून काढली पाहिजे, हा वॉरन हेस्टिंग्जचा हिशेब त्यानंतरचा.

रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर निघालेली मुंबईची फौज बोरघाट चढून आली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडली. १६ जानेवारीला लिहून दिलेल्या करारात साष्टी परत करायचं कबूल होतं. त्या मोहिमेत पडलेल्या इंग्रज कप्तानाची, इष्टुर फाकड्याची, गोष्ट मावळात अजून सांगतात, या कराराची सांगत नाहीत. मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही तो झिडकारला, त्यामुळे साष्टी परत आली ती फक्त कागदावर.

मला खरा प्रश्न इथून पुढचा वाटतो. वडगावला जिंकलेले मराठे तीन वर्षांत साष्टी कायमची का गमावून बसले? इंग्रज तर तेव्हा अमेरिकेत हरत होते आणि दक्षिणेत हैदर त्यांना झोडपत होता.

उत्तराचा धागा अमेरिकेत सापडतो. १ मार्च १७८१ ला तेरा अमेरिकन संस्थानांचा संघकरार अमलात आला. करार तसा दुबळाच. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता, सैनिकांचे पगार थकलेले. पण त्यात एक कलम होतं: काँग्रेसच्या संमतीशिवाय कोणत्याही संस्थानानं परक्या राजाशी तह करायचा नाही, वकील पाठवायचा नाही आणि घ्यायचाही नाही.

आता आपल्याकडे पाहा. जानेवारी १७८० मध्ये फत्तेसिंग गायकवाडांनी जनरल गॉडर्डशी स्वतंत्र तह केला आणि गुजरातची दारं उघडली. नागपूरकर भोसले पुण्याबरोबर इंग्रजांविरुद्धच्या आघाडीत होते, हेस्टिंग्जनं पैसे देऊन त्यांना थोपवलं. १३ ऑक्टोबर १७८१ ला महादजी शिंद्यांनी कर्नल म्यूरशी वेगळा करार केला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसची फौज शरण गेली. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला तेव्हा महादजी मध्यस्थ आणि जामीन होते. युद्धात इंग्रजांनी घेतलेली वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. महादजींना दोष देऊन भागत नाही. त्यांना अडवणारं कलम कुठे लिहिलेलंच नव्हतं.

कारभारात पुणं मागे होतं असंही नाही. नानांच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून लिहीत बसत. १७८९ मध्ये वॉशिंग्टन अध्यक्ष झाले तेव्हा परराष्ट्र, खजिना आणि युद्ध अशी तीनच खाती होती आणि परराष्ट्र खात्याचे कारकून बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकन पुढाऱ्यांना सोवळं ठरवायचंही कारण नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी नवी राज्यघटना लिहिली, तीत गुलामांची शिरगणती पाचातले तीन या हिशेबानं केली. पण परराष्ट्र तहाचं ते कलम त्यांनी आणखी कडक केलं: संस्थानांना असे तह करायला आता पूर्ण बंदी.

इकडे बारभाईंची सामुदायिक राजवट एव्हाना नानांच्या एकट्याच्या हाती गेली होती. महादजी १७९४ मध्ये वारले, नाना १८०० मध्ये. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावांनी वसईला, साष्टीच्या उत्तर टोकासमोर खाडीच्या पलीकडच्या तीरावर, कंपनीशी तह केला. त्यातही परराष्ट्र व्यवहाराचं कलम होतं. कंपनीला कळवल्याशिवाय आणि तिचा सल्ला घेतल्याशिवाय पेशव्यांनी दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नव्हती.