कुणाचे काम, कुणाचा पैसा

जानेवारी १९७७. ऑरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यातल्या इंडिपेंडन्स या छोट्या गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये रात्री मेक्सिकन वंशाची काही मंडळी बसली होती. गावचे पोलीस आणि काउंटीच्या शेरीफचे डेप्युटी आत शिरले, थेट त्यांच्याच टेबलाशी आले आणि तुम्ही इथले की बाहेरचे, याची चौकशी करू लागले. हातात वॉरंट नव्हते. एकाला दंडाला धरून उठवले आणि इतर गिऱ्हाइकांच्या देखत उभे केले. तो अमेरिकेचा नागरिक निघाला. मग त्याला सोडून दिले.

प्रकरण तिथेच मिटले असते, पण ते रॉकी बरिला या तरुण वकिलाकडे गेले. त्यांनी संघराज्य न्यायालयात दावा लावला. काही वर्षांनी ते स्वतःच ऑरेगनच्या विधिमंडळात निवडून आले आणि १९८७ साली त्यांनी एक विधेयक मांडले. त्याचा गाभा एका वाक्यात मावणारा होता: ज्याचा एकमेव गुन्हा अमेरिकेत विनापरवाना राहणे हाच आहे, त्याला शोधण्यासाठी वा पकडण्यासाठी राज्यातल्या कोणत्याही पोलीस यंत्रणेने आपला पैसा, आपली साधने आणि आपली माणसे वापरू नयेत. चोरी, मारामारी, दारू पिऊन गाडी चालवणे यांत सापडलेल्याला कसलीही सूट नव्हती. अशा माणसाची माहिती संघराज्याच्या स्थलांतर खात्याला विचारायची मुभाही कायद्यात होती.

अमेरिकेच्या राज्यांत अशा तऱ्हेचा हा पहिला कायदा. आज त्यावरून जेवढी आग पाखडली जाते, तेवढीच शांतता तो मंजूर होताना होती. दोन्ही सभागृहांत जवळपास एकमत झाले, गव्हर्नर नील गोल्डश्मिट यांनी सही केली आणि विषय संपला. याचे कारण मला वाटते ते असे: विधेयकाची भाषा करुणेची नव्हती, हिशेबाची होती. स्थलांतर हे वॉशिंग्टनचे खाते, मग त्याची उस्तवार काउंटीच्या तिजोरीतून का करायची? हा प्रश्न शेरीफलाही पटत होता आणि शेतकऱ्यालाही, कारण खोऱ्यातली फळे तोडायला माणसे लागतच. शिवाय काळही वेगळा होता. १९८६च्या नोव्हेंबरात खुद्द रेगन यांनी सही केलेल्या कायद्यामुळे पुढे सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद थोडा परका वाटेल. भारतात परदेशी नागरिकांबाबतचे केंद्राचे कितीतरी अधिकार राज्यांकडेच सोपवलेले आहेत; कागदपत्रे तपासायला येतो तो स्थानिक ठाण्यातलाच पोलीस. अमेरिकेत तसे नाही. तिथे शेरीफ हा काउंटीच्या मतदारांनी निवडलेला माणूस असतो, वॉशिंग्टनचा नोकर नव्हे.

पुढची वीस-एकवीस वर्षे हा कायदा फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. भोवतीचे जग मात्र बदलत गेले. १९९६च्या संघराज्य कायद्याने स्थानिक पोलिसांशी करार करून त्यांना स्थलांतराची कामे सोपवण्याची सोय केली. २००८मध्ये ‘सिक्युअर कम्युनिटीज’ हा कार्यक्रम आला आणि त्याने करारांचीही गरज उरू दिली नाही. तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातच होते. तिथून ते आपोआप स्थलांतर यंत्रणेकडे, म्हणजे ‘आईस’कडे पोहोचू लागले. त्यानंतर तुरुंगाला एक कागद येई: या माणसाची सुटका झाली तरी त्याला आमच्यासाठी ४८ तास अडकवून ठेवा. याला म्हणतात डिटेनर. बहुतेक शेरीफ तो हुकूम समजूनच पाळत.

ही समजूत मोडली ती ऑरेगनमध्येच. क्लॅकमस काउंटीच्या तुरुंगात एक महिला दोन आठवडे राहिली. जामिनावर सुटायला फक्त ५०० डॉलर भरायचे होते आणि घरचे ते भरायला तयार होते. पण डिटेनर असल्यामुळे पैसे भरूनही सुटका नाही, असे त्यांना सांगण्यात आले. मूळ खटला निकाली निघाल्यावरही तिला आणखी १९ तास ठेवले. एप्रिल २०१४मध्ये न्यायाधीश जॅनिस स्टुअर्ट यांनी निकाल दिला: डिटेनर ही विनंती आहे, ती पाळायची की नाही हे काउंटी ठरवते, आणि सबळ कारण नसताना केवळ डिटेनरवर माणसाला डांबले तर राज्यघटनेचा भंग होतो, त्याची जबाबदारी काउंटीचीच. नुकसानभरपाई आपल्या तिजोरीतून जाणार म्हटल्यावर शेरीफ मंडळींचे डोळे उघडले. काही महिन्यांत ऑरेगनच काय, देशभरातल्या शेकडो काउंट्यांनी नुसत्या डिटेनरवर माणसे अडकवणे थांबवले. तत्त्वापेक्षा वकिलाच्या बिलाने माणूस लवकर शहाणा होतो, हे तिकडेही खरेच.

या सगळ्याचा घटनात्मक पाया मात्र भलत्याच ठिकाणी घातला गेला होता. मोंटाना राज्यात जे प्रिन्ट्झ नावाचे शेरीफ होते. १९९३च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायचे काम स्थानिक पोलीसप्रमुखांवर टाकले, तेव्हा ते कोर्टात गेले: वॉशिंग्टनने मला राबवून घ्यायचे कारण काय? १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची बाजू उचलून धरली. निकाल लिहिला अंतोनिन स्कालिया यांनी, म्हणजे उजव्यांच्या लाडक्या न्यायमूर्तींनी. राज्यांच्या अधिकाऱ्यांना संघराज्य आपल्या कामाला जुंपू शकत नाही, हे सूत्र बंदूकवाल्यांनी मिळवले आणि त्याच्या सावलीत पुढे बसले ते विनापरवाना शेतमजूर. कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये केलेल्या कडक कायद्याविरुद्ध ट्रम्प सरकार कोर्टात गेले, तेव्हा हेच सूत्र कामी आले. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये असाच कायदा झाला, त्यावर तर रिपब्लिकन गव्हर्नरची सही आहे. टेक्सासने मात्र नेमके उलटे केले, आपल्या शहरांना सहकार्याची सक्तीच केली. शहर ही राज्याची निर्मिती, तिला वॉशिंग्टनविरुद्ध जे कवच आहे ते स्वतःच्या राज्याविरुद्ध नाही.

२०१८मध्ये ऑरेगनचा जुना कायदा रद्द करावा की नाही, यावर मतदान झाले. काही ग्रामीण शेरीफ रद्द करण्याच्या बाजूने उतरले, नायकेसारखी कंपनी विरोधात. सुमारे ६३ टक्के मतदारांनी कायदा राखला. इंटेलमुळे हिल्सबरो, बीव्हर्टन भागात स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांना यात मत नव्हतेच, आणि हा प्रश्न आपला नव्हे अशीही एक सोयीची भावना असते. पण १९७७मध्ये दंडाला धरलेला माणूस नागरिक होता. त्याचा चेहरा पाहिला गेला, पासपोर्ट नव्हे.

२०१८च्याच उन्हाळ्यात कायद्याची मर्यादाही उघडी पडली. शेरिडन या गावातल्या तुरुंगात १२३ आश्रयार्थींना ठेवले, त्यांत पंजाबातून आलेले शीख बरेच. तुरुंग संघराज्याचा, पहारेकरी संघराज्याचे. राज्याच्या कायद्याला तिथे दार नव्हते. हे कायदे स्थानिक पोलिसाचा हात मागे घेतात, आईसचा हात धरू शकत नाहीत. ‘आमच्या राज्यात सगळे सुरक्षित’ म्हणणारे पुढारी आणि ‘गुन्हेगारांना लपवतात’ म्हणणारे विरोधक दोघेही हे सोयीने विसरतात. फेब्रुवारी २०२५मध्ये लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते. असे कायदे त्यांच्या वाटेत कुठेच येत नाहीत.

२०२१मध्ये ऑरेगनने कायदा आणखी आवळला: आईसच्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवायची, न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय माणूस सोपवायचा नाही, आणि कायदा मोडला तर कुणालाही दावा लावता येईल. १९८७च्या शांत हिशेबाची जागा तोवर अविश्वासाने घेतली होती.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत वाद पुन्हा पैशावर आला. तुमची माणसे आमच्या कामाला येणार नसतील, तर आमचा निधी तुमच्या शहराला नाही, असा वॉशिंग्टनचा पवित्रा. सॅन फ्रान्सिस्को, ऑरेगनमधले पोर्टलँड आणि इतर शहरे, काउंट्या कोर्टात गेल्या. एप्रिल २०२५मध्ये न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी निधी अडवण्याला तात्पुरती मनाई केली. जुलैत शिकागोतल्या न्यायालयाने इलिनॉयविरुद्धचा दावा फेटाळला. ऑगस्टमध्ये न्याय खात्याने सहकार्य न करणाऱ्या राज्यांची आणि शहरांची यादी जाहीर केली, तिच्यात ऑरेगनही आहे आणि पोर्टलँडही.