होडीपुढची गाडी

‘कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवस पालटतात, आज वर असलेला उद्या खाली येतो, असा तिचा अर्थ शाळेत गुरुजींनी सांगितलेला असतो. पण म्हण करणाऱ्या शहाण्याने एक व्यवहाराचा प्रश्न मोकळा सोडला. नाव गाडीला जोडायची वेळ आलीच, तर गाडी कोणती घ्यायची? आणि नवी घ्यायला खिशात पैसे नसतील, तर जुनी निवडायची कशी?

हा प्रश्न अमेरिकेत कुणाला नवा वाटणार नाही. तिथे शनिवारी सकाळी मोटारीमागे होडी जोडून तळ्याकाठी जाणारी कुटुंबं असंख्य. आपल्याकडे तो किनाऱ्यावरच्या मोजक्या घरांपुरता होता, कारण होड्या लाकडी आणि जड, त्या चार-चाळीस माणसांनी फळ्यांवरून ओढायच्या आणि पावसाळ्यात शाकारून ठेवायच्या. आता फायबरच्या हलक्या होड्या आल्या, मालवण-तारकर्ली-देवबागला पर्यटक आले, आणि ओढायला माणसं मिळेनाशी झाली. मुलगे पुण्या-मुंबईला, शेजारी म्हातारे. साधारण मेअखेरीस जलक्रीडा बंद होते, १ जूनपासून मासेमारीही बंद होते, आणि वाळूत उभ्या होडीकडे पाहत घरातले बसतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘एक जुनी गाडीच घेऊन टाकू.’’

या ‘टाकू’मध्ये किती पैसा बुडतो, हे मी बँकेतल्या कर्जाच्या टेबलामागे बसून अनेक वर्षं पाहिलं. कादंबरी लिहिणाऱ्याला माणसाच्या इच्छेत रस असतो, बँकवाल्याला तिच्या हप्त्यात. या विषयात दोन्ही लागतात.

आधी हिशेब, मग गाडी

पहिला प्रश्न असा की, होडी वर्षातून किती वेळा ओढायची आहे? समजा, पावसाळ्याआधी बाहेर, नंतर आत, आणि मधे इंजिनाच्या किंवा तळाच्या दुरुस्तीसाठी चार-पाच वेळा. सगळ्या जाण्या-येण्याच्या मिळून दहा फेऱ्या धरू. ट्रॅक्टर किंवा टेम्पो भाड्याने आणला आणि फेरीला अडीच हजार मोजले, तरी वर्षाचे पंचवीस हजार झाले. उलट तीन लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण ६,७०० रुपये पडतो. म्हणजे वर्षाला ऐंशी हजार. त्यावर विमा, टायर, डिझेल, मिस्त्री.

तेव्हा केवळ होडीसाठी गाडी घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. गाडी घ्यायची ती उरलेल्या साडेतीनशे दिवसांसाठी. कुडाळच्या बाजारातून सामान आणायला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला, लग्नकार्याला जायला. त्या दिवसांत ती उपयोगी असेल आणि शिवाय होडीही ओढत असेल, तरच घ्यावी. आणि पर्यटकांना स्टेशनवरून आणून चार पैसे सुटतील, असा हिशेब मनात असेल तर पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून तो करू नये. भाड्याची वाहतूक करताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते.

ओढणं सोपं, थांबणं अवघड

देवबागच्या एका कुटुंबाने मला सल्ला विचारला होता. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा त्या चिंचोळ्या पट्टीवरचं घर. आई, दोन मुलगे, एक सून. अठरा फुटी होडी सोनं गहाण ठेवून घेतलेली, त्यातल्या दोन बांगड्या अजून सुटायच्या होत्या. मुलांनी तीन गाड्या हेरल्या होत्या. एक जुनी जिप्सी, स्वस्त आणि दिसायला झोकदार. एक डिकीवाली मोटार, आतून चकाचक. आणि एक नऊ वर्षं वापरलेली बोलेरो, पत्र्याला पोचे आलेली. मुलं इंजिनाच्या ताकदीवर वाद घालत होती. आई कोळंबी सोलता सोलता म्हणाली, ‘‘ओढतली ता कळला, पण थांबतली मां?’’

सगळ्या विषयाचं सार त्या बाईने एका वाक्यात सांगितलं. सपाट रस्त्यावर हळूहळू ओझं ओढणं बहुतेक गाड्यांना जमतं. उतारावर, ओल्या रस्त्यावर, समोर अचानक म्हैस आली असता ते ओझं थांबवणं जमत नाही. चाळीसच्या ऐवजी साठच्या वेगाने गेलात, तर वेग दीडपट होतो. पण ब्रेकने जिरवायचा जोर सव्वादोनपट होतो. मागची होडी त्या वेळी आपल्या मालकाला ओळखत नाही, ती गाडीला ढकलत पुढे येते.

म्हणून आम्ही कागद घेऊन वजन मांडलं. होडी ४५० किलो, इंजिन ७५, टाकीतलं पन्नास लिटर पेट्रोल सुमारे ३७, नांगर, दोर, जाकिटं वगैरे १००, आणि ट्रॉली २५०. बेरीज ९१२. माणसं होडीचं वजन सांगताना ट्रॉली विसरतात, जसं घराची किंमत सांगताना नोंदणीचा खर्च विसरतात.

आता या आकड्याचं काय करायचं? ब्रिटनमधला नियम इथे उपयोगी पडतो. ज्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, तिचं भरलेलं वजन ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त असू नये. जिप्सीचं वजन टनभर, म्हणजे तिची मर्यादा पाचशे. डिकीवाली मोटार अकराशे किलोची, मर्यादा साडेपाचशे. बोलेरो सोळाशेच्या आसपास, निम्मं आठशे, म्हणून मर्यादा ७५०. ९१२ यातल्या कशातच बसत नाही.

इथे मुलं निराश झाली. पण उपाय मोठ्या गाडीत नव्हता. इंजिन उतरवून गाडीत ठेवायचं, टाकी रिकामी करायची, नांगर-दोर गाडीत टाकायचे. २१२ किलो कमी झाले, ट्रॉली उरली ७०० किलोची. बोलेरोच्या मर्यादेत. नाहीतर ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्यायचे. इंजिनाच्या ताकदीसाठी लाखभर जास्त मोजण्यापेक्षा तो खर्च शहाणपणाचा.

कोणती गाडी, आणि का

अशा कामाला जिला स्वतंत्र मजबूत चासी आहे, जी मागच्या चाकांवर चालते आणि जिचं डिझेल इंजिन कमी वेगातही जोर देतं, अशी गाडी बरी. २००० साली आलेली बोलेरो किंवा १९९४ ते २०१९ या काळात निघालेली टाटा सुमो ही त्या जातीची. जिप्सी चारही चाकांवर चालते, वाळूत आणि चिखलात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण तिचं अंग हलकं आणि इंजिन पेट्रोलचं. हलकी होडी असेल तर ती उत्तम, जड असेल तर होडीच तिला हलवेल.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीची अडचण उतारावर कळते. होडी पाण्यातून काढताना गाडीचं तोंड चढाकडे असतं, मागे ओझं लटकलेलं, त्यामुळे पुढची चाकं हलकी होतात आणि शेवाळावर गरगर फिरतात. ओहोटीला उघडी पडलेली हिरवी फरशी ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगायला नको.

ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकावर यावा. ७०० किलोला सत्तर. होडी ट्रॉलीवर फार मागे बसली तर हुकावर वजन येत नाही आणि वेग वाढताच ट्रॉली सापासारखी वळवळू लागते. फार पुढे बसली तर गाडीचं ढुंगण खाली जातं आणि सुकाणू हलकं लागतं. इंजिन होडीच्या शेपटीला असतं, ते काढलं की तोलही बदलतो. तो बांधून झाल्यावर पाहावा, रस्त्यावर नव्हे.

आणि वाळूतच काम असेल, डांबरी रस्ता लागणारच नसेल, तर मोटारीचा नाद सोडून ट्रॅक्टरवाल्याशी वर्षाचा ठराव करावा. उधाणाची भरती वाळूत रुतलेल्या गाडीची वाट पाहत नाही.

जुन्या गाडीची नाडी

जुनी गाडी पाहायला सकाळी जावं, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर त्यात काही लपवणं असू शकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडलं तर क्लच धड आहे, नुसतं घुमत राहिलं तर प्लेट गेली. होडी ओढताना सगळ्यात आधी मरतो तो क्लचच.

गाडीला आधीच हूक बसवलेला असेल, तर ‘आयता मिळाला’ म्हणून खूश होऊ नका. या गाडीने आधी काय ओढलं, हे विचारा. हुकाभोवती चासीला वेल्डिंगचे डाग, तडा किंवा वाक दिसला, तर उत्तर मिळालं.

किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीत मिठाचा रोग असतो. वरून नवा रंग, आत गंज. गाडीखाली सतरंजी टाकून स्वतः झोपावं. चासी, पाट्यांचे आधार, ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात, पायाखालची मॅट उचलून पत्रा दाबून पाहावा. घाटावरची गाडी दिसायला धुळकट असली, तरी हाड शाबूत असतं. पुरात बुडालेल्या गाड्याही फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या. त्यानंतरही कितीतरी पूर आले. ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघणं. धुलाई करणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, आणि चिखलाची रेघ तिथे उरते.

ट्रॉलीही तशीच. लांबून आल्यावर चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. तशीच ट्रॉली खाऱ्या पाण्यात घातली, तर आतली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधासारखं पांढरं होतं आणि पुढच्या खेपेला चाक अडकतं. आधी अर्धा तास थांबावं, दिव्यांची वायर काढावी, काम झालं की गोड्या पाण्याने धुवावं.

कागद बोलतात

आता माझ्या जुन्या टेबलावर येतो. गाडी कितीही आवडो, कागद पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. चासी आणि इंजिनाचा नंबर आरसीशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा आहे का, हे सरकारच्या परिवहन ॲपवर दिसतं, तिथेच विम्याची आणि पासिंगची मुदतही कळते. बोजा असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५ हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या परिवहन कार्यालयातली गाडी असेल, तर ना-हरकतीचा फॉर्म २८. ‘टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देतो, नाव नंतर करा’ असं सांगणाऱ्याला नमस्कार करावा. विकणाऱ्यानेही सावध राहावं. नाव बदललं नाही, तर अपघाताची भरपाई कागदोपत्री मालकाकडूनच मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, शिवाय पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, त्यामागचं हे गुपित. आणि ट्रॉली हेही कायद्याने वाहनच आहे, तिची नोंदणी लागते आणि विम्यात तिचा उल्लेख लागतो. हूक बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं.

देवबागच्या मंडळींनी बोलेरो घेतली. ठरवलेल्या पैशांपैकी चाळीस हजार बाजूला काढून ठेवले, कारण जुनी गाडी पहिल्या वर्षात टायर, बॅटरी, ब्रेक असं काहीतरी मागतेच. उरलेल्या बांगड्या त्यानंतर एका मोसमाने सुटल्या, असं मागाहून कळलं.

जुन्या वस्तूची खरेदी ही शेवटी माणसाच्या संयमाची परीक्षा असते. नवी वस्तू पैसा मागते, जुनी वेळ मागते. चार गाड्या पाहून पाचवी नाकारण्याची ज्याची तयारी असते, त्याला सहावी चांगली मिळते. घरातले सगळे झोकदार रंगाकडे बघत असताना एकाने तरी गाडीखाली वाकून पाहावं. तो एकजण घरात असला की गाडी कुठलीही असो, नाव तिच्यामागे सुखरूप येते.