टू-स्ट्रोक एंजिनाचें इंधन आणि गाळण्या

आपल्यापैकीं कोणाच्या घरीं एखादी जुनी स्कूटर अद्याप जपून ठेवलेली असेल. कोणाच्या आवारांत गवत कापण्याचें यंत्र असेल, तर कोणाच्या गांवाकडील बागेंत पाठीवर घ्यावयाचा फवारणीचा पंप असेल. ह्यांपैकीं पुष्कळांत टू-स्ट्रोक, म्हणजे दोन आघातांचें, एंजिन असतें. तें लहान व साधें असल्यामुळें त्याला कांहींहि चालतें, अशी समजूत आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

ह्या एंजिनाची साधी रचना इंग्लंडांतील बाथ येथील जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास सिद्ध केली. तींत दट्ट्याखालची पेटी पंपासारखी वापरली जाते. हवा व पेट्रोल प्रथम ह्या पेटींत शिरतात, मग वर सिलिंडरांत जातात. मोटारींत एंजिनाच्या तळाशीं वंगणाचा सांठा असतो. येथें तशी सोय नाहीं. म्हणून लहान यंत्रांत तेल बहुधा पेट्रोलांतच मिसळावें लागतें. तात्पर्य, एंजिन जें पितें आणि जी हवा घेतें, तेंच त्याच्या बेअरिंगांच्याहि वांट्यास येतें.

तेल टू-स्ट्रोकसाठीं केलेलेंच घ्यावें. मोटारीच्या तेलांतील कांहीं द्रव्यें जळल्यावर राख मागें ठेवतात. डब्यावर ‘जासो एफडी’ अशी खूण असल्यास धूर व काजळी कमी होते. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेंत पहावें: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ म्हणजे ४०.

पेट्रोल महागडें असलें म्हणजे शक्ति वाढते, हा भ्रम होय. विचार करावयाचा तो इथेनॉलचा. आज आपल्याकडील पेट्रोलांत तें शेंकडा २० पर्यंत असतें. इथेनॉल पाणी ओढून घेतें. पावसाळ्यांत डब्यांत पुरेसें पाणी मिसळलें, कीं इथेनॉल व पाणी तळाशीं बसतात आणि तेल वरच्या पेट्रोलांत राहतें. यंत्राची नळी तर तळाचेंच ओढते! वंगणाशिवाय दट्ट्या फिरतो आणि थोड्याच वेळांत सिलिंडरांत अडकून बसतो. ह्यासाठीं मिश्रण महिन्याभरांत संपेल इतकेंच करावें, डबा घट्ट बंद ठेवावा, आणि यंत्र ठेवून देतांना टांकी रिकामी करावी.

हें पाणी इंधनाची साधी गाळणी अडवीत नाहीं. ती केवळ कचरा अडविते. शिवाय गाळणी जितकी बारीक तितकी चांगली, असेंहि नाहीं. अति बारीक गाळणींतून पेट्रोल अपुरें येतें व एंजिन तापतें. मूळ मापाचीच गाळणी बसवावी. हवेची गाळणी स्पंजाची असल्यास साबणाच्या पाण्यांत धुवावी, पुरती वाळवावी, थोडें तेल लावून पिळावी. कागदी गाळणीस मात्र तेल लावूं नये. फाटलेली गाळणी तत्काळ बदलावी, कारण तींतून शिरलेली धूळ सरळ बेअरिंगांवर जाते.

शेवटीं एक गोष्ट. एंजिन सुरक्षित रहावें म्हणून कित्येक जण मापाबाहेर तेल घालतात. त्यानें प्लग काजळतो, धूर वाढतो. आणि तो धूर पंप पाठीवर घेऊन दिवसभर बागेंत फिरणाऱ्या गड्याच्या छातींत जातो. मापाचा पेला हाताशीं ठेवावा तो केवळ यंत्रासाठीं नव्हे, त्या माणसासाठींहि.