आकडा नाही म्हणजे धोका नाही? अपंगत्व, एचआयव्ही आणि संशोधनातली रिकामी जागा

सिनॉप्सिस घेऊन गाइडसमोर बसलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यात गॅप कुठं आहे?’ मग आपण पेपर चाळतो आणि ‘या विषयावर फारसं काम झालेलं नाही’ असं एक वाक्य लिहून मोकळे होतो. पण काम का झालेलं नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. काही विषयांवर काम होत नाही, कारण तिथं शोधण्यासारखं फारसं नसतं. काही विषयांवर होत नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींचं लैंगिक आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध हा विषय दुसऱ्या प्रकारातला आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा विषय शोधत असाल, तर हा नमुना नीट पाहून घ्या.

रकानाच नाही

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत. त्यातल्या सुमारे ५४ लाखांचं अपंगत्व हालचालीशी संबंधित आहे. महाराष्ट्रातली एकूण संख्या साडेएकोणतीस लाखांच्या पुढे आहे. म्हणजे मोजायला माणसं कमी नाहीत.

आता दुसऱ्या बाजूला या. एचआयव्हीचा प्रसार किती आहे हे पाहण्यासाठी नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, ठराविक गटांवर नियमित नजर ठेवते. गरोदर माता, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, इंजेक्शनने नशा करणारे, स्थलांतरित कामगार, ट्रकचालक, तुरुंगातले कैदी असे हे गट. अपंग व्यक्ती हा वेगळा गट या यादीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचंही तसंच. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत एचआयव्हीची रक्तचाचणी होती, पण अपंगत्वाचा प्रश्न नव्हता. अपंगत्व हा विषय नव्यानं आला तो २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत.

यातून एक चक्र तयार होतं. अपंग माणसाचं लैंगिक आयुष्य नसतं असं समाज गृहीत धरतो. म्हणून शाळेत आणि घरी त्याला कुणी काही सांगत नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारत नाहीत. फॉर्मवर रकाना येत नाही. रकाना नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून कार्यक्रम नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘या गटात धोका आहे असा पुरावाच नाही.’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. पुरावा शोधून सापडला नाही आणि पुरावा शोधलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोजलं तेव्हा काय दिसलं?

येल विद्यापीठात असताना मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी जागतिक बँकेसोबत एचआयव्ही आणि अपंगत्वाचं एक जागतिक सर्वेक्षण केलं. त्याचा अहवाल २००४ मध्ये आला. लैंगिक संबंध, लैंगिक हिंसा, शिक्षणाचा आणि माहितीचा अभाव अशी धोक्याची कारणं अपंग व्यक्तींच्याही आयुष्यात तितकीच, काही ठिकाणी जास्तच आहेत, असा त्याचा सूर होता. मात्र हे सर्वेक्षण मुख्यतः संस्थांकडून माहिती मागवून केलेलं होतं. त्यातून प्रश्न आहे हे कळलं. लागण नेमकी किती, हे अशा पद्धतीनं कळू शकत नाही.

त्यासाठी दुसरी पद्धत लागते. कॅमेरूनच्या राजधानीत, याउंडेमध्ये, २०१४-१५ दरम्यान एक अभ्यास झाला. त्यात ८०७ अपंग व्यक्ती आणि वय, लिंग, राहण्याचा परिसर जुळवून घेतलेल्या तितक्याच अपंग नसलेल्या व्यक्ती होत्या. यात फक्त शारीरिक नव्हे, इतर प्रकारचं अपंगत्व असलेले लोकही होते. अपंग गटात एचआयव्हीचं प्रमाण जास्त निघालं, ऑड्स रेशो सुमारे १.७. अपंग स्त्रियांनी लैंगिक हिंसेचे अनुभवही जास्त सांगितले.

इथं थांबून एक प्रश्न विचारायची सवय लावा: आधी काय झालं? एचआयव्हीमुळेही अपंगत्व येऊ शकतं. नसांचे आजार होतात, मणक्याचा टीबी होतो. एकाच वेळी केलेल्या पाहणीत अपंगत्व आधी की लागण आधी, हे आपोआप कळत नाही. म्हणून प्रश्नावलीत ‘अपंगत्व कोणत्या वयात आलं?’ हा साधा प्रश्न हवाच. शिवाय कॅमेरूनचा आकडा उचलून महाराष्ट्राला लावायचा नाही. तिथून गृहीतक घ्यायचं, उत्तर नाही.

विषाणूला फरक पडत नाही, साधनांना पडतो

विषाणू माणूस व्हीलचेअरवर आहे की पायी चालतो हे बघत नाही. पण प्रतिबंधाची आपली सगळी साधनं एका विशिष्ट शरीरासाठी बनलेली आहेत. काही उदाहरणं बघा.

मानेच्या भागात मणक्याला दुखापत झाली की बोटांची पकड जाऊ शकते. कंडोमचं पाकीट फोडायलाच दोन चालते हात लागतात, आणि प्रात्यक्षिकात ही अडचण सहसा कुणी धरत नाही. दुखापतीच्या खाली संवेदना नसेल तर गुप्तांगावरची जखम किंवा फोड दुखत नाही, म्हणून कळत नाही. ‘दुखलं तर या’ हा सल्ला अशा व्यक्तीला निरुपयोगी आहे. तिला ‘आरशात नियमित बघा’ असं सांगावं लागतं.

जन्मतः मणक्याचा दोष म्हणजे स्पायना बिफिडा असलेल्यांमध्ये लेटेक्स रबराची ॲलर्जी बरीच आढळते. त्यांच्यासाठी पॉलियुरेथेनसारखा दुसऱ्या पदार्थाचा कंडोम लागतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर अंतर्गत तपासणीच्या वेळी रक्तदाब अचानक धोकादायक वाढू शकतो. तपासणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

आणि वेळ. एचआयव्हीशी संपर्क आल्याची शंका असेल तर लागण टाळणारी औषधं लवकरात लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. आता विचार करा, जिच्यावर घरातच अत्याचार झाला आहे आणि जिला दवाखान्यात नेणारा माणूसही त्याच घरातला आहे, तिचे ७२ तास कसे जातील? रॅम्प नाही, तपासणीचं टेबल उंच आहे, या तक्रारी इथं सोयीच्या राहत नाहीत, संसर्गाच्या होतात.

खोलीत तिसरं माणूस

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे. चाचणीला माहितीपूर्ण संमती आणि निकालाची गुप्तता त्यात बंधनकारक आहे. पण ज्याला उचलून खुर्चीवर बसवावं लागतं, त्याच्यासोबत आई, भाऊ किंवा नवरा खोलीत असतो. समुपदेशक विचारतात, ‘लैंगिक संबंध आहेत का?’ तो आईकडे बघतो आणि ‘नाही’ म्हणतो. कागदावर ‘नाही’ उमटतं, आणि सुरुवातीच्या गृहीतकाला आणखी एक ‘पुरावा’ मिळतो.

तुमच्या मुलाखतीतही हेच होणार. म्हणून पद्धतीच्या प्रकरणात आधीच लिहा: सोबतचा माणूस किती वेळ बाहेर थांबेल, हे आधी कसं ठरवणार? हेडफोनवर प्रश्न ऐकून उत्तरदात्यानं स्वतः पडद्यावर उत्तर नोंदवायची सोय करता येईल का? बोटं चालत नसतील तर तिथं काय कराल? मुलाखतीत हिंसा उघड झाली तर कुणाकडे पाठवाल? एथिक्स कमिटी विचारेल म्हणून नाही, यावरच तुमचा डेटा खरा की खोटा हे ठरणार आहे म्हणून.

नमुना निवडतानाही असंच. फक्त संस्थांमधून माणसं घेतलीत तर घरातून बाहेरच न पडणारे सुटतात. फक्त प्रमाणपत्रधारक घेतलेत तर प्रमाणपत्रापर्यंत न पोहोचलेले सुटतात. ‘तुम्ही अपंग आहात का?’ असं थेट विचारलंत तर अनेक जण नाही म्हणतात. म्हणून पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची कामं करणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते हे विचारणारे वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न वापरले जातात. आणि प्रश्नावली पक्की करण्याआधी ती अपंग व्यक्तींकडूनच तपासून घ्या. पाकीट फोडण्याची अडचण तुम्हाला सुचणार नाही, त्यांना सुचेल.

आता तुमचं काम

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातलं कलम २५ लैंगिक आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख करतं. भारतानं तो करार २००७ मध्ये मान्य केला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही, योगायोगानं कलम २५ मध्येच, लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवा आहे, त्यातही स्त्रियांसाठी विशेष उल्लेख आहे. म्हणजे हक्क कागदावर आला, मोजणीच्या फॉर्मवर यायचा राहिला.

सुरुवात छोटी करता येते. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या कुटुंब-प्रश्नावलीत अपंगत्व आहे आणि वैयक्तिक प्रश्नावलीत एचआयव्हीविषयीच्या माहितीचे प्रश्न आहेत. कुटुंब क्रमांक आणि सदस्य क्रमांकावरून दोन्ही फाइली जोडता येतात. एम.ए.च्या प्रबंधाइतकं काम त्यातून नक्की उभं राहतं.

तेही नको असेल तर तुमच्या विषयातली कोणतीही एक प्रश्नावली काढा आणि बघा, कुणाला काय विचारलेलंच नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘फारसं काम झालेलं नाही’ याच्या पुढे ‘कारण’ हा शब्द लिहा आणि ते वाक्य पूर्ण करा.