विश्लेषण : नाना फडणवीसांना न जमलेला पूल, ‘चंद्रकांता’ला सापडलेले जंगल… कर्मनाशा नदीची ही गोष्ट काय?

उत्तर प्रदेश आणि बिहारच्या सीमेवरून वाहणारी कर्मनाशा ही जेमतेम दोनशे किलोमीटर लांबीची नदी. तिच्या वरच्या खोऱ्यातील जंगलांत हिंदीतील सर्वात गाजलेल्या तिलिस्मी कादंबरीमालेचे बीज पडले. तिच्या खालच्या पात्रावर पूल बांधण्यासाठी पुण्याहून नाना फडणवीसांनी पैसा पाठवला, पण तो पूल त्यांच्या हयातीत उभा राहिला नाही. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस याच नदीवरील महामार्गाच्या नव्या पुलाचे खांब तडकले आणि दोन राज्यांमधील अवजड वाहतूक अडली. त्यानंतर या दुर्लक्षित नदीकडे पुन्हा लक्ष गेले.

कर्मनाशा नदी नेमकी कुठे?

बिहारमधील कैमूरच्या डोंगररांगांत ही नदी उगम पावते. नौगढ, चकिया या भागांतून ती मैदानात उतरते, काही अंतर दोन राज्यांची सीमा आखते आणि बक्सरजवळ चौसा येथे गंगेला मिळते. याच चौसा येथे १५३९ मध्ये शेरशहाने हुमायूनचा पराभव केला होता. पुढे शेरशहाने ज्या प्राचीन मार्गाची नव्याने बांधणी केली, तोच आजचा ‘ग्रँड ट्रंक रोड’. बनारसहून गया आणि कोलकात्याकडे जाताना हा रस्ता नौबतपूरजवळ कर्मनाशा ओलांडतो.

नदीला बदनामी का चिकटली?

गंगेला मिळणाऱ्या नद्या सहसा पवित्र मानल्या जातात. कर्मनाशा त्याला अपवाद आहे. विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात धाडलेला आणि इंद्राने खाली ढकललेला त्रिशंकू अधांतरी उलटा लटकला. त्याच्या तोंडातून गळलेल्या लाळेतून ही नदी झाली, अशी आख्यायिका आहे. मराठीत ‘त्रिशंकू अवस्था’ हा शब्दप्रयोग रोजच्या वापरात असला, तरी त्याच्या नावाशी एक नदी जोडलेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. नावाप्रमाणेच या पाण्याच्या स्पर्शाने संचित पुण्य नष्ट होते, असा समज रूढ झाला. त्यामुळे ऐपत असलेले प्रवासी इतरांच्या खांद्यावर बसून नदी पार करत. ज्यांना हे परवडत नसे, त्यांना आणि खांदा देणाऱ्यांना मात्र पाण्यात उतरावेच लागे. पुण्य वाचवण्याची सोयही अशी पैशावर अवलंबून होती.

मराठी माणसाचा संबंध काय?

प्रयाग, काशी आणि गया ही मराठी घरांतील त्रिस्थळी यात्रा. काशीहून पिंडदानासाठी गयेला जायचे तर वाटेत कर्मनाशा येणारच. काशीत मिळवलेले पुण्य गयेला पोहोचण्याआधीच वाहून जायचे, ही यात्रेकरूंची खरी भीती होती. पावसाळ्यात त्यात पुराच्या धोक्याची भर पडे. १८ व्या शतकात मराठी सत्ताधीशांनी काशी-गया परिसरात घाट आणि मंदिरे बांधली. अहिल्याबाई होळकरांनी गयेचे विष्णुपद मंदिर उभारले ते याच काळात. त्याच शतकाच्या अखेरीस नाना फडणवीसांनी कर्मनाशेवर दगडी पूल बांधण्याचे काम हाती घेतले. हा मुलूख पेशव्यांचा नव्हता. बनारस १७७५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाराखाली होते. म्हणजे पैसा पुण्याचा, जमीन कंपनीची आणि सोय साऱ्या यात्रेकरूंची, असा हा मामला होता.

मग पूल का झाला नाही?

अडचण पात्रातील वाळूची होती. खडकाळ पात्रात खांब थेट दगडावर उभा करता येतो. जाड वाळूत मात्र खड्डा खणावा तसतशा त्याच्या कडा ढासळतात आणि तळातून पाणी भरत राहते. पाया कठीण थरापर्यंत पोहोचला नाही, तर पुराचे पाणी खांबाभोवतीची वाळू उपसून नेते आणि वरचे बांधकाम कितीही मजबूत असले तरी कलते. स्थापत्यशास्त्रात या झिजेला ‘स्कावर’ म्हणतात. नानांच्या पुलाचे काम पायाच्या टप्प्यातच अडकले. मार्च १८०० मध्ये नानांचे निधन झाले आणि अर्धवट बांधकाम तसेच नदीत राहिले.

पूल अखेर कोणी बांधला?

सुमारे तीन दशकांनंतर बनारसचे धनाढ्य पटनीमल यांनी स्वखर्चाने हे काम पुन्हा सुरू केले. पुलाच्या उभारणीत मार्गदर्शन होते बनारसच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये उलगडणारे प्रिन्सेप ते हेच. १८२० ते १८३० या काळात बनारसमध्ये असताना त्यांनी शहरातील सांडपाण्यासाठी भुयारी नाला बांधवून घेतला, औरंगजेबाच्या मशिदीच्या मिनारांची डागडुजी केली आणि शहराची रेखाचित्रेही काढली. १८३० च्या सुमारास कर्मनाशेवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. पटनीमल यांना कंपनी सरकारने ‘राजा’ किताब दिला. पुण्य जाण्याची भीती कोणत्याही धर्मसभेच्या निर्णयाने गेली नाही, पण पाण्याला पाय लावण्याची गरजच संपली.

‘चंद्रकांता’ या खोऱ्यात कशी आली?

पूल झाल्यानंतर अर्ध्या शतकाने याच नदीच्या वरच्या अंगाला देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) नावाचा तरुण जंगलाचे ठेके घेत फिरत होता. चकिया आणि नौगढच्या जंगलांत त्याने पडके किल्ले, गुहा, धबधबे आणि दऱ्या पाहिल्या. ठेकेदारी सुटली, पण ते जंगल डोक्यात राहिले. १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, तिच्यावर डोळा ठेवून असलेला क्रूरसिंह आणि चुनारगढचा राजा शिवदत्त, अशी ही कथा. ठिकाणे नकाशावरची, घटना मात्र कल्पनेतल्या.

या मालिकेत वेगळे काय होते?

उर्दूत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’सारख्या दास्तानांची मोठी परंपरा होती. त्यातील जादू खत्रींनी बरीचशी कमी केली. त्यांचे तिलिस्म म्हणजे यंत्रे, कळी, गुप्त दरवाजे आणि भुयारे यांनी रचलेला सापळा. त्यांचे ऐयार म्हणजे वेषांतर करणारे, बटव्यात बेशुद्धीची आणि शुद्धीवर आणण्याची औषधे बाळगणारे हेर. चमत्कार घडला की त्यामागची युक्ती नंतर उलगडे. पुढे ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग आले. ‘भूतनाथ’ खत्रींच्या हातून अपुरी राहिली आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी ती पूर्ण केली. उत्कंठेच्या टोकावर थांबणारे भाग आणि पुढच्याची वाट पाहणारे वाचक, ही ‘पल्प’ मालिकांची सारी लक्षणे येथे दिसतात. हे लेखन उच्च साहित्यात न मोजणाऱ्या समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनीही हिंदीला इतके वाचक कोणी मिळवून दिले नाहीत, हे मान्य केले. अनेकांनी केवळ या कादंबऱ्या वाचण्यासाठी हिंदी शिकून घेतली, असे सांगितले जाते. मराठी प्रेक्षकांना ही कथा माहीत झाली ती १९९० च्या दशकातील दूरदर्शन मालिकेमुळे. क्रूरसिंहाचे ‘यक्कू’ आजही अनेकांना आठवते.

आज याचे महत्त्व काय?

खत्रींच्या निधनाला शंभरहून अधिक वर्षे झाल्याने त्यांचे लेखन स्वामित्व हक्कातून मुक्त आहे. ते कोणीही छापू शकतो, त्यावर मालिका काढू शकतो. जुनी प्रत जीर्ण झाली तरी कथा नव्या प्रतीत जगते. पुलाची अशी दुसरी प्रत नसते. नदीचे पात्र, उपसली जाणारी वाळू, वाढलेला भार आणि पायाची झीज यांची नियमित तपासणी हाच त्याचा बचाव. महाराष्ट्राला हा धडा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मिळाला. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहने वाहून गेली. छोट्या नदीवरचा छोटा पूल रोजच्या प्रवासात कोणाच्या लक्षातही येत नाही. तो नसला तर काय होते, हे कर्मनाशा पायी ओलांडणाऱ्या त्रिस्थळी यात्रेकरूंना ठाऊक होते आणि ऑगस्टच्या त्या रात्री महाडलाही कळले.