बागेचं पाणी घरातच आहे

मार्च २०२४मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी केली. मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड. टँकरभोवतीच्या रांगांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. पण शंभर किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणलेलं कावेरीचं शुद्ध पाणी गुलाबाच्या कुंडीत ओतायचंच कशाला, यावर फारसं कुणी बोललं नाही.

म्हैसूरला कावेरी त्या मानानं जवळ. तरी तिचं पाणी शहरात आणायला दिवाण पूर्णय्यांनी खोदायला घेतलेला कालवा अपुराच राहिला. या भागातल्या जुन्या तोट्टी घरांत, आपल्या वाड्यांसारखंच, चारी बाजूंच्या कौलांवरचं पाणी मधल्या उघड्या चौकात उतरे. हिशोब आजही तोच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. म्हैसूरला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पडतो; ५० चौरस मीटरच्या गच्चीवरून, वाया जाणारं धरूनही, तीसेक हजार लिटर सहज मिळतात.

टाकी केवढी हवी, हे मात्र एकूण पावसावर ठरत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात काम केलेले शास्त्रज्ञ ए. आर. शिवकुमार यांनी १९९५च्या सुमारास विजयनगरात घर बांधलं आणि नळजोड घेतलाच नाही. आधी त्यांनी शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदी चाळल्या. दोन चांगल्या पावसांतला खंड त्यांना नव्वद ते शंभर दिवसांचा दिसला. घराची गरज रोज ४०० लिटर, म्हणून साठा चाळीस हजारांच्या पुढचा. वॉशिंग मशीनचं पाणी संडासाच्या फ्लशला, टाक्या भरून वाहणारं पाणी जमिनीत. नोंदी आधी, बांधकाम नंतर: हे शहाणपण कुठल्याही सरकारी सक्तीपेक्षा मोलाचं आहे.

म्हैसूरकडे मे आणि ऑक्टोबर, दोन्ही महिने ओले. त्यामुळे खंड आटोपशीर. पुण्या-नगरकडे दिवाळीनंतर थेट जूनचीच वाट पाहायची. एवढा काळ बाग जगवणारी टाकी फ्लॅटवाल्यानं ठेवायची कुठे? तिथे रोज हाताशी येणारं सांडपाणीच खरा आधार. मोरीमागे अळू, केळ आणि कर्दळ लावणाऱ्या घरांना हे पक्कं ठाऊक होतं.

तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी थेट कुंडीत चालतं. कपड्यांचं पाणी जपून वापरावं: पावडरीतला सोडियम माती घट्ट करतो, बोरॅक्स झाडांना बाधतं. खळबळून काढलेलं शेवटचं पाणी घ्यावं, दिवसभरात संपवावं, कारण साठवलं की कुजून वास मारतं. तेही फळझाडांच्या, फुलझाडांच्या बुंध्याशीच. कच्ची खायची कोथिंबीर, पुदिना यांना नको. आणि अधूनमधून साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं माती भरपूर भिजवावी, म्हणजे साचलेले क्षार खाली उतरतात.