पहिली मुलाखत : विक्रीच्या नोकरीची

मंडळी, घरचा मुलगा किंवा मुलगी खतविक्रीच्या नोकरीसाठी पहिल्या मुलाखतीला निघाली, की आपण सांगतो, "घाबरू नको, धडाधड बोल!" विक्रेत्याला बोलावं लागतं हे खरं, पण त्याआधी ऐकावं लागतं.

समजा, मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "मी शेतकरी आहे. मला डीएपी कसं विकाल?" तर लगेच मालाचे गोडवे गाऊ नयेत. आधी विचारावं : पीक कोणतं? पाणी किती? माती तपासली आहे का?

मग माल समजावून सांगावा. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे शंभर किलोंत १८ किलो नत्र नि ४६ किलो स्फुरद. ५० किलोंच्या पोत्यात ९ नि २३ किलो. पालाश मात्र मुळीच नाही; तेही सांगून टाकावं. शिक्षक मित्रांनो, शेकडेवारीचं हे गणित वर्गातही करून घेता येईल.

"महाग आहे," असं गिऱ्हाईक म्हणालं तर वाद घालू नये. रुपयामागे अन्नद्रव्य किती पडतं, ते कागदावर मांडून दाखवावं. उत्तर ठाऊक नसेल, तर "विचारून सांगतो" म्हणावं. थाप मारून एक पोतं खपेल. पण शेतकऱ्याचा हंगाम बुडाला, तर तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

तेव्हा मुलाखतीच्या आधी दोन-चार संध्याकाळी तुम्हीच गिऱ्हाईक व्हा आणि मुलांना अडचणीचे प्रश्न विचारा.